शांतवनकाकांच्या उशाशी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, चर्चच्या पाळकसाहेबांपाशी नाही, आणि प्रार्थनेत — खरं सांगू? — प्रार्थनेतही मी या गोष्टीला वळसा घालूनच जातो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. फोन वाजला की आधी कुणाचा आहे ते बघतो. त्यांनी कुणाला सांगितलं तर नसेल?

ते म्हणजे शांतवनकाका. निवृत्त शिक्षक, आमच्या चर्चच्या मंडळीतले जुने पंच, म्हणजे कारभार बघणारे.

आधी माझा राग सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी जालन्याकडून रिकाम्या हातानं पुण्यात आलो. पाडलेल्या घरांचे दरवाजे-खिडक्या घ्यायच्या आणि विकायच्या, असा धंदा वारज्यात उभा केला. भावात मला कुणी हरवत नाही, आणि डोकंही माझं लवकर तापतं. एका वर्षी पंच कमिटीसाठी माझं नाव पुढे आलं, तेव्हा काका भर सभेत उठले. म्हणाले, "करा की याला पंच. प्रभुभोजनाची पवित्र भाकरीसुद्धा भाव पाडून आणेल."

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. मी निवडणूक हरलो, ते विसरलोही असतो. ते हसणं नाही विसरलो.

पुढे काकांच्या पत्नी गेल्या, मुलगा परदेशी स्थायिक झाला, आणि काका घरात पडले. खुब्याचं हाड मोडलं ते पुन्हा उभे राहिलेच नाहीत. कामवाली रोज सकाळी सगळं आवरून, जेवण झाकून जायची. मग दिवसभर ते एकटे. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर विचारलं, रविवारी संध्याकाळी काकांकडे कोण जाईल? त्यांचं घर माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी हो म्हणालो. प्रेमानं म्हणालो का? छे! ज्यांच्यासमोर हसं झालं होतं, त्यांच्यासमोर मोठं व्हायचं होतं.

पहिल्या रविवारी गेलो. जिना चढलो. आतून खोकला ऐकू येत होता. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यावर हात ठेवला — आणि ती सभा आठवली. हात काढून घेतला. खाली आलो.

एवढंच असतं तर हे लिहायला बसलो नसतो.

आमच्याकडे उपासनेत साक्ष देतात. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते उभं राहून सांगायचं. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, भेट झाली का? मी उभा राहिलो. झाली म्हणालो. स्तोत्र वाचून दाखवलं म्हणालो, पेज भरवली म्हणालो. मग जीभ सैल सुटली. म्हणालो, आपली आशा म्हणजे नुसतं आभाळाकडे बघत बसणं नाही, कुणाच्या तरी उशाशी जाऊन बसणं आहे. लोक "आमेन" म्हणाले. एका बाईंनी डोळे पुसले. वाक्य खोटं नव्हतंच — अजूनही मला ते खरं वाटतं. खोटा मी होतो. गिऱ्हाईक कधी वळलं ते मला कळतं, आणि तेव्हाही कळलं. मग मी साक्ष देतच राहिलो. गेलो मात्र एकदाही नाही.

एस्तरबाई, पूर्वी नर्स होत्या, त्या एकदा म्हणाल्या, "अहो डेव्हिडराव, मीपण येत जाऊ का तुमच्याबरोबर?" मी म्हणालो, "तुम्ही कशाला त्रास घेता? मी आहे ना!"

माझं न जाणं एक वेळ बाजूला ठेवा. जाणाऱ्या माणसाला मी अडवलं. सगळी मंडळी माझ्या भरवशावर निर्धास्त झाली. पाऊस संपला, दिवाळी झाली, थंडी पडली, आणि त्या दारातून मंडळीतलं कुणीही आत गेलं नाही.

नाताळाच्या आधी पाळकसाहेब म्हणाले, "चला, आपण दोघं काकांना भेटून येऊ." काय सबब सांगणार? सकाळीच गेलो. दार कामवालीनं उघडलं. काकांच्या उशाशी पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता. ती कौतुकानं म्हणाली, "रविवारी काका चर्च याच्यावरच बघतात. तुम्ही बोलायला उभे राहिलात की आवाज मोठा करायला लावतात!"

कोरोनापासून आमची उपासना मोबाईलवर दिसते. मला माहीत होतं. कॅमेरा तर माझ्या समोरच असायचा. पलीकडे कोण बघत असेल, हे एकदाही मनात कसं आलं नाही?

पाळकसाहेबांनी विचारलं, "काय काका, डेव्हिडराव नीट बघतात ना तुमच्याकडे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "वाचतो छान. फक्त जरा जवळ बसून वाचायला सांगा. मला ऐकू येत नाही."

पाळकसाहेब हसले. मी आयुष्यभर सौदे केलेत. समोरचा ओरडला तर मला भीती वाटत नाही. गप्प बसला की वाटते, कारण त्याच्या मनातला भाव कळत नाही. पाळकसाहेब फोन घ्यायला गॅलरीत गेले. आता बोलणार, आता सगळं काढणार — मी भिंतीला टेकलो. काका एवढंच म्हणाले, "रविवारी ये. संध्याकाळी. तुझी वेळ तीच ना?"

तेव्हापासून जातो. भरवतो, दाढी करतो, चादर बदलतो. पहिल्याच दिवशी त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठीवरची जखम दिसली. अंथरुणात पडून पडून झालेली. वेळेवर कुणी वळवणारं असतं तर ती एवढी वाढली नसती. आता एस्तरबाई येऊन ती धुतात. मला म्हणतात, तुमच्यासारखं कुणी करत नाही. यंदा मला बिनविरोध पंच केलं.

प्रेमानं जातो का? भीतीनं जातो. राग गेला का? नाही. माफी मागितली का? तोंड उघडतो, आणि "काका, चहा ठेवू?" एवढंच बाहेर येतं.

आणि आता ते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतोय. मी त्यांच्या मरणाची वाट पाहत होतो.

गेल्या महिन्यात पेज भरवताना त्यांना ठसका लागला. थांबेचना. चेहरा काळानिळा झाला. त्यांनी पाण्यासाठी हात पुढे केला. भरलेला पेला माझ्या हातात होता — आणि मी उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. एक विचार मनात पूर्ण होईल इतका. आता कुणालाच कळणार नाही. त्या विचारानं मला किती शांत वाटलं, म्हणून सांगू! त्याचीच भीती वाटते. काकांनी पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांना कळलं.

मग मी वाकलो आणि पाणी पाजलं. त्यांची हनुवटी पुसली.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा त्यांचे ओठ सुकले होते. मी पेला भरला. त्यांनी माझ्याकडे बघत तोंड उघडलं. अजूनही, दर रविवारी, ते माझ्याच हातून पाणी पितात.