हळ्ळीखेडच्या बाजारातला पोपटवाला

आमच्या पहिल्या पोपटानं आप्पांच्या शिव्या तोंडपाठ केल्या आणि शेतसारा वसुलीला आलेल्या गिरदावराला तोंडावर म्हणून दाखवल्या. निजामाच्या राज्यात ही चैन माणसालाही परवडत नसे. आप्पांनी पिंजरा उघडून त्याला हाकलून दिलं.

पण ओसरी सुनी वाटायला लागली. दुसरा पोपट आणायला मी हळ्ळीखेडच्या बाजारात गेलो. पोपटवाला पिंजऱ्यांच्या मधोमध बसून पेरू स्वतः खात होता आणि बिया तेवढ्या पोपटांना देत होता.

"मुका पोपट हाय का?" मी विचारलं.

"मुका पायजे तर मातीचा घ्या की, अण्णा. शिव्या समद्यालाच येतेत. कवा द्यायच्या, ते कळाय पायजे."

तेवढ्यात तोच गिरदावर समोरून आला. पोपटवाल्यानं उठून कमरेत वाकून सलाम ठोकला. पिंजरे चिडीचूप. गिरदावरानं टोपलीतला एक पेरू फुकट उचलला आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला. मग पोपटवाल्यानं खाली बसत एक शिवी मराठीत, एक कानडीत आणि एक उर्दूत हासडली. पाठोपाठ पोपटांनीही तोंडं उघडली.

त्यांच्यातला जो सगळ्यात शेवटी बोलला, तो मी घेतला.