व्हॅलेन्सियाचा तपासणी-तक्ता

डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी या जगात मला एकच गोष्ट माहीत आहे, ती म्हणजे आमच्या मावससासऱ्यांचा संशय. माझ्या बायकोच्या मावशीचे हे यजमान. ब्रिस्टलला आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहतात आणि आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. म्हणजे भाग दुसऱ्याने बनवायचा आणि तो चुकलेलाच असणार असं धरून काकांनी कामाला लागायचं. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना मनगटी घड्याळ दिलं. ते त्यांनी आठवडाभर स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली ठेवून तपासलं. त्यात स्वयंपाकघरातलंच घड्याळ मागे पडतंय असं निघालं आणि इतकी वर्षं इमानेइतबारे चाललेलं ते बिचारं चॅरिटी शॉपमध्ये गेलं.

दुधाच्या बाटलीवरची तारीख काका मानत नाहीत, वास घेतात. हवामानाचा अंदाज ऐकतात तो केवळ चुका काढायला. मध्यंतरी तो सलग चार दिवस बरोबर आला, तर पाचव्या दिवशी हे अस्वस्थ. "यात काहीतरी गडबड आहे," म्हणाले. रस्ता विचारायचा तर तीन वेगवेगळ्या माणसांना विचारायचा, हा तर त्यांचा कायदाच. एकदा आम्ही त्यांच्या गाडीतून मिल्टन कीन्सला एका लग्नाला निघालो होतो. त्या गावात जिकडे बघावं तिकडे राउंडअबाउट, आणि रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह काकांनी आधीच बंद करून टाकलेला. पहिल्या माणसाने डावीकडे सांगितलं, दुसऱ्या बाईंनीही डावीकडेच. काकांचा संशय बळावला. तिसरा म्हणाला, "सॉरी, नो आयडिया." त्याबरोबर काकांचा चेहरा खुलला. "हा खरा माणूस!" म्हणाले आणि उजवीकडे वळले. आम्ही पोचलो तेव्हा जेवणं उरकून मंडळी पान खात होती.

असा हा माणूस व्हॅलेन्सियाला कधीही गेलेला नाही. तरी ब्रिस्टलमधलं कुठलंही मराठी कुटुंब भूमध्य समुद्राकाठच्या त्या शहराला निघालं, की काकांचं चार पानी माहितीपत्रक त्यांच्या दारात हजर. "विमानतळावरून मेट्रो थेट गावात जाते असं सांगतात, तरी चढण्याआधी पाटी स्वतः वाचावी. तिकिटाचं कार्ड बाहेर पडतानाही लागतं, फेकू नये. दुपारी दुकानं बंद होतात. का, याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. नळाचं पाणी प्यायला चालतं, मात्र तिथले लोक बाटलीचं पितात, यावरून काय ते समजावं. पाएया हा भाताचा प्रकार दुपारीच खावा. रात्री आग्रहाने वाढणाऱ्यापासून सावध राहावं. समुद्रात पोहायला जाताना एकाने सामानापाशी बसावं आणि बसणाऱ्याने पुस्तक वाचू नये." हे सगळं त्यांनी जाऊन आलेल्या लोकांना खोदून खोदून विचारून जमवलेलं. एकाच गोष्टीबद्दल तीन कुटुंबांची साक्ष झाल्याशिवाय ती पत्रकात येत नसे.

हा खटाटोप कशासाठी, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे. काकांची एकुलती एक मुलगी अनया शिक्षिका म्हणून त्या शहरात गेली आणि होड्या दुरुस्त करणाऱ्या तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलं. काकांनी त्या मुलाला एक फॉर्म पाठवला. त्यात आधीचे पत्ते, झालेले आजार, आणि शेवटी नातेवाईक सोडून तीन रेफरन्सेस. भल्या माणसाने तो भरूनही दिला! काकांनी तिघांना फोन केले. तिघांनीही मुलाची तोंडभरून स्तुती केली, तेव्हा "तिघांचं इतकं जुळतंय म्हणजे आधी ठरवलेलं आहे," असा शेरा मारून मोकळे झाले. "बाबा, तो माणूस आहे, बोल्ट नाही," असं म्हणून अनयाने फोन ठेवला तो ठेवलाच. लग्नाला मावशी एकट्या गेल्या. चार वर्षं झाली, बापलेकीत एक शब्द नाही. मला काकांचा तेव्हा खरोखर राग आला होता, आणि अजूनही तो पुरता गेलाय असं नाही. मावशी वर्षातून दोनदा लेकीकडे जाऊन येतात, पण काकांना त्यांच्याकडून माहिती घ्यायची सोय नव्हती. ज्याने भाग बनवला त्याने तो तपासायचा नसतो, असा काकांचा नियम.

या वर्षी शाळांच्या हाफ टर्मच्या सुट्टीत आम्ही दोघं व्हॅलेन्सियाला निघालो. आदल्या दिवशी काका पत्रक घेऊन आले, आणि सोबत हाताने आखलेला एक तक्ता. एका रकान्यात बाब, दुसऱ्यात निष्कर्ष, खाली निरीक्षकाच्या सहीसाठी जागा.

"जाताच आहात तर एवढं व्हेरिफाय करून या. जनरल इन्फर्मेशन आहे, लोकांना उपयोग होतो."

मी वाचलं. अमुक ट्रॅमच्या स्टॉपपासून आरोग्यकेंद्र किती पावलं. कोपऱ्यावरची फार्मसी दुपारी उघडी असते का. अमुक नंबरच्या इमारतीत जिन्यातला दिवा किती सेकंदांनी आपोआप विझतो. जिन्याला कठडा एका बाजूने की दोन्ही.

"काका, टूरिस्टला जिन्यातला दिवा कशाला?"

"पडायला टूरिस्ट काय, कुणीही पडू शकतं," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

अनयाला सहावा महिना होता. मावशींनी ते घरात मोठ्याने, दोनदा सांगितलं होतं.

व्हॅलेन्सियात पत्रकातलं अक्षर न् अक्षर खरं निघालं. दुसऱ्या दिवशी दुपारी अनयाकडे जेवायला जायचं होतं. त्याआधी मी ट्रॅमच्या स्टॉपपासून पावलं मोजत निघालो आणि बायको माझी ओळख नसल्यासारखी दहा हात मागून चालली. इमारतीत शिरून मी दिव्याचं बटण दाबलं आणि मोठ्याने आकडे म्हणू लागलो. एकोणिसाला मिट्ट काळोख झाला. तेवढ्यात वरून कुणीतरी दिवा लावला. भिंतीला धरून अनया खाली येत होती.

"जिजू, काय मोजता तुम्ही? आणि हे काय?" तिने तक्ता ओढून घेतला. "हे तर बाबाचं अक्षर आहे."

ती तिथेच पायरीवर बसली आणि वाचत राहिली. मधेच दिवा विझला, बायकोने पुन्हा लावला. मला वाटलं, आता कागद फाडते. पण तिने मान वर केली तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. जेवणं झाल्यावर तिने स्वतः एकेक रकाना भरला. तिचा नवरा टेप घेऊन जिन्यात गेला आणि मापं घेऊन आला. कठड्यासमोर तिने लिहिलं, "एकाच बाजूने. दुसरा शनिवारी लावणार." मग मी सहीसाठी पेन उचललं, तर तिने ते काढून घेतलं.

"नाही हं. इन्स्पेक्टर स्वतः बघणार, मगच साइन करणार. त्यानेच शिकवलंय मला."

परत आल्यावर तक्ता काकांना दिला. त्यांनी चष्म्यावर भिंग धरून तो दोनदा वाचला.

"हे तुम्ही भरलेलं नाही."

"कशावरून?"

"इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ आहे. एकाशी गल्लत होऊ नये म्हणून मीच शिकवली होती. शाळेत बाई रागवायच्या तिला." मग त्यांनी तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. "सही राहिलीय."

"ती म्हणाली, इन्स्पेक्टर स्वतः बघणार, मगच सही."

आत मावशींच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. काकांनी भिंग खाली ठेवलं.

"विमानतळावर ते मेट्रोचं तिकीट कुठे काढायचं?"

त्यांच्याच पत्रकाच्या पहिल्या पानावर ते होतं. तरी मी सांगितलं की जिना उतरून खाली गेलं की समोरच मशिन्स आहेत. सांगून मी वाट बघत राहिलो. शेजारी माझी बायको होती, स्वयंपाकघराच्या दारात मावशी येऊन उभ्या होत्या. काकांनी तक्त्याची नीट घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. दुसऱ्या कुणाला त्यांनी विचारलं नाही.