केदारखेड्याचा चंद्रोदय

पृथ्वी चोवीस तासांत तीनशेसाठ अंश फिरते, म्हणजे तासाला पंधरा. हे गणित मला शाळेपासून तोंडपाठ होतं, आणि पाठ असल्याचा तोराही होता. तोच मला नडला.

त्याआधी माझी पुण्यातली नोकरी गेली होती. मी आठ महिने केदारखेड्यात, आईवडिलांकडे बसून होते. रोज दहा ठिकाणी अर्ज करायचे आणि दुपारी अंगणात शेंगा निवडायचे. गावातल्या बायका येता-जाता विचारायच्या, ‘काय गं बाई, सुट्टी हाय का?’ मी हसून हो म्हणायचे आणि आत जाऊन चिडायचे. याच काळात आईने मला न सांगता राजूरच्या गणपतीला बोलून ठेवलं होतं: पोरीला काम लागलं की एकवीस संकष्ट्या, एकही न चुकवता, चंद्र उगवल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. मधली एक जरी मोडली तरी पुन्हा पहिल्यापासून.

काम लागलं, तेही नकाशांवर चालणाऱ्या एका ॲपचं. आईच्या संकष्ट्या सुरू झाल्या. मी महिन्यातून एकदा घरी यायचे, बहुतेक वेळा संकष्टी धरूनच.

आमच्याकडे चंद्रोदयाची एक जुनी अडचण आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात मुंबईची वेळ छापलेली असते आणि केदारखेड्यात चंद्र त्याच्या आधीच वर येतो. आई त्या वेळेतून बारा मिनिटं वजा करायची. बाराच का, हे मी कधी विचारलं नाही. मला तो बायकांचा अंदाज वाटायचा. म्हणून मी ठरवलं, तिच्यासाठी एक छोटं ॲप करायचं. नकाशावर कुठेही बोट ठेवा, तिथली चंद्रोदयाची वेळ हजर.

खरं तर फोनच्या घड्याळाची वेळ सरळ घेतली असती तरी भागलं असतं. पण मला हुशारी सुचली. फोन इथे आणि बोट मस्कतवर असेल तर? तेव्हा वेळ त्या ठिकाणाचीच दिसली पाहिजे, आणि ती मी नुसत्या रेखांशावरून काढणार. भागिले पंधरा, जवळचा पूर्णांक, झालं. दोन संध्याकाळींत काम उरकलं आणि मी स्वतःवरच खूश झाले.

आईची विसावी संकष्टी पावसाळ्यात आली. आभाळ गच्च भरलेलं, चंद्र दिसायची आशा नव्हती. अशा वेळी आमच्याकडे घड्याळ बघून पूर्वेला पाणी सोडतात आणि उपास सोडतात. कॅलेंडरात नऊ वीस होतं. माझ्या ॲपने आठ अडतीस दाखवलं.

आईने चष्मा लावून फोन बघितला. “एवढा फरक नसतोय गं. धा-बारा मिन्टं असतो.”

“अगं, ही बरोबर आपल्या अंगणाची वेळ आहे. उपग्रहावरून येतं ते,” मी म्हणाले. उपग्रहावरून फक्त जागा येत होती. वेळ माझी होती.

वडील ओट्यावरून म्हणाले, “आता चंद्रानं बी हिचंच ऐकायचं म्हणा की.”

आठ अडतीसला आईने पाणी सोडलं, नैवेद्य दाखवला, मोदक मोडून आधी माझ्या हातावर ठेवला आणि मग जेवायला बसली. वरणभात, मेथीची भाजी. दिवसभराच्या उपाशी माणसाने जेवावं तशी पोटभर जेवली.

आम्ही हात धुवायला अंगणात आलो तेव्हा पूर्वेकडचे ढग फाटले होते. बांधावरच्या बाभळीच्या बुडाशी, अगदी जमिनीला टेकून, तांबूस कड दिसत होती.

“आत्ता उगवून राह्यला,” आई म्हणाली.

मी घड्याळ बघितलं. नऊ वाजून आठ मिनिटं. नऊ वीस वजा बारा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सारवासारव करू लागले, की अर्ध्या तासाने काय होतं, देव काय घड्याळ बघत बसलाय का.

“देव न्हाई बघत,” आई म्हणाली. “मी बघते. ऱ्हाऊ दे. विसावी व्हती, आता फिरून एकपासून.” आणि भांडी गोळा करायला आत गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी तिथेच ओट्यावर कागद घेऊन बसले. आमचा रेखांश जवळजवळ शहात्तर. भागिले पंधरा, पाच आणि वर थोडं. म्हणजे लंडनच्या पुढे पाच तास. पण आपलं घड्याळ चालतं साडेपाच तासांनी! देशाने साडेब्याऐंशी अंशांची, तिकडे मिर्झापूरजवळून जाणारी एकच रेघ धरली आणि गुजरातपासून अरुणाचलपर्यंत सगळ्यांना तिची वेळ लावून दिली. तो अर्धा तास माझ्या भागाकाराने खाल्ला होता.

मग मला त्याचा नादच लागला. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधराच मिनिटं. चीन एवढा अवाढव्य, पण घड्याळ एक. चंद्र कधी उगवणार हे पृथ्वीच्या फिरण्यावर ठरतं, पण त्या क्षणी किती वाजले म्हणायचे हे माणसं ठरवतात, आणि माणसांच्या रेघा वाकड्यातिकड्या. त्यामुळे भागाकाराचा इथे उपयोग नाही. जगाच्या नकाशावर वेळांच्या हद्दी आखलेल्या असतात. तलाठ्याकडच्या गावनकाशात आपली विहीर कोणत्या गटात येते ते बघतात, तसा आपला ठिपका कोणत्या हद्दीत पडतो ते बघायचं. ऑफिसातल्या ॲपमध्ये हे सगळं तयार होतं. मी रोज त्याच्या शेजारी बसत होते आणि एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

पुढच्या संकष्टीला मी दुरुस्त केलेलं ॲप घेऊन घरी आले. पण फोन पिशवीतून काढायच्या आधी आईला विचारलं, “आज किती वाजता?”

तिने कॅलेंडरकडे नजर टाकली. “आठ चौतीस लिवलंय. म्हंजी आठ बावीस.”

फोनवर आठ एकवीस होतं. मी तिला ते दाखवलं नाही. विचारलं, “पण बाराच का गं?”

“लग्न होऊन आले तव्हा कॅलेंडर बघून भाईर यायची, तर ह्यो आधीच वर. मंग घड्याळ घेऊन उभी राह्यले, दर महिन्याला. वरीसभर बघितलं. बारा म्हंजी बाराच, बिलकुल.”

मी जे शाळेत पाठ केलं ते तिने अंगणात उभं राहून मोजलं होतं. बाभळीच्या मागे अजून अंधार होता. मला राहवेना.

“म्हणजे त्या दिवशी तुला माहीत होतं. नऊ वाजून आठ मिनिटं.”

“व्हतं की.”

“मग आधी जेवलीस कशाला?”

तिने तांब्या या हातातून त्या हातात घेतला. “तुला काम लागावं म्हनून तर उपास बोलले व्हते. अन् तू केलेलं कामच मी खोटं धरायचं का?”

त्या दिवशी मीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिला सांगितलं नव्हतं, पण दुपारी भगर तिने दोघींची टाकली होती, आणि मी नको म्हटल्यावर तिने काही विचारलं नव्हतं.

आठ बावीसला पूर्व उजळली. आईने पाणी सोडलं. मग तांब्या माझ्याकडे दिला आणि म्हणाली, “एक.”