हिरवी झाल्याशिवाय हलायचं नाही

उदाराम सौंदडजवळच्या एका रेल्वे फाटकावर चौतीस वर्षं गेटमन होते. त्या फाटकात कधी बकरीसुद्धा गाडीखाली सापडली नाही. निवृत्तीनंतर फाटक सुटलं, पण झेंड्या काही सुटेनात. बायकोकडून, सुखवंताबाईंकडून, लाल-हिरव्या दोन झेंड्या शिवून घेतल्या आणि दिवाळीनंतर थंडी पडू लागली तशी घरामागच्या सांदवाडीतली शेकोटी रेल्वेच्या शिस्तीत चालू झाली.

आता यात त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? सांदवाडीतच कापलेल्या धानाचं पुंजणं रचलेलं होतं. वर्षभराचं खाणं त्यात. मळणीचं यंत्र अजून यायचं होतं. मागच्या साली शेजारच्या गावात असंच एक पुंजणं शेकोटीच्या ठिणगीनं तासाभरात राख झालं. ते पाहून आल्यापासून उदाराम झोपेतही बादली शोधत.

म्हणून शेकोटीभोवती विटांचं रिंगण, दोन बादल्या पाणी, घमेलंभर रेती. शिवाय आठ फुटांवर चुन्याची रेघ, तिच्या आत कुणी यायचं नाही. हिरवी दाखवली की रेघेबाहेर येऊन बसायचं, लाल दाखवली की जागचं हलायचं नाही.

"उदारामभाऊ, आग तं दिसून राहिली, पण शेक कुटी हाय?" शेजारचा टिकाराम कुडकुडत विचारी.

"तुले शेक पायजे का जीव पायजे?"

एकदा वारा सुटला म्हणून लाल झाली, तर बिचारा पाऊण तास उकिडवा बसून होता. तरी रोज यायचा, कारण सुखवंताबाईंचा चहा फक्कड असे.

त्या संध्याकाळीही वारा सुटला. एक ठिणगी उडाली आणि रेघ ओलांडून पुंजण्याच्या कडेला जाऊन बसली. धूर निघाला, तसे सगळे विझवायला उठले. उदारामांनी कर्कश शिटी फुंकली आणि लाल झेंडी उंच धरली.

सगळे थिजले. टिकारामच्या हातात बादली, एक पाय पुढे. शेकायला आलेल्या शेजारच्या पुष्पाबाई रेतीच्या घमेल्यावर वाकलेल्या, त्या तशाच.

"टिकाराम, कायले उभा हायेस? धाव ना!" त्या वाकूनच ओरडल्या.

"लाल हाय ना, मावशी!"

पुंजण्याची पहिली पेंडी पेटली. हिरवी उदारामांच्या काखेतच होती, पण समोर धोका असताना हिरवी उचलायची, हे त्यांच्या हाताला जमेना. जीव तुटत होता आणि शिटी वाजत होती.

तेवढ्यात सुखवंताबाई चहाचा भरला गंज घेऊन बाहेर आल्या. आग पाहिली आणि गंजासकट धावत सुटल्या. लुगड्याचा हिरवा पदर वाऱ्यावर उडाला.

"हिरवी झाली!" टिकाराम ओरडला.

मग काय! पाणी, रेती, चहा, सगळं एकदम पुंजण्यावर. चार पेंड्या गेल्या, बाकी धान वाचलं.

सुखवंताबाई धापा टाकत नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "अवो, तुमी काऊन नाही धावले?"

"लाल होती."

"आन् झेंडी कोनाच्या हातात होती?"

उदारामांनी वर पाहिलं. हात अजून उंचच होता. त्यांचे डोळे भरून आले.

"माह्या," ते म्हणाले.

मग शेकोटीजवळ गेले, उरलेली भरली बादली आधी हाताशी ओढली आणि लाल झेंडी विस्तवावर ठेवली. पायानं चुन्याची रेघ पुसली.

"ये टिकाराम," ते म्हणाले. "शेक."