आत्याची दोन मिनिटं

आमच्या आत्याचं कपडे धुवायचं आणि इस्त्रीचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकं तिला कडकबाई म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, कारण छातीवरचा शर्ट तिच्या ताब्यात असतो. एकदा एक वकील गुडघ्यापाशी सुरकुती राहिली म्हणून पँट परत घेऊन आले. आत्याने पँट उलटसुलट केली, वकिलांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “सुरकुती इस्त्रीची नाही, बसण्याची आहे. थोडं उभं राहत चला.” तेव्हापासून वकील दुकानात आले की उभेच राहतात, स्टूल रिकामं असलं तरी.

दुकानात एकच नियम तीस वर्षं चालत आलाय. कपडा पाण्यात जायच्या आधी आत्या स्वतः त्याचे खिसे तपासते. जे निघेल ते खाकी पाकिटात घालते, पाकिटावर गिऱ्हाइकाचा नंबर टाकते आणि पाकीट धुतलेल्या कपड्याला टाचून परत देते. बघायचं नाही, वाचायचं नाही, आणि विचारायचं तर मुळीच नाही. एका बाईंच्या कोटातून त्यांच्या नवऱ्याची कवळी निघाली होती. आत्याने तीही पाकिटात घालून टाचली. नवरा तोवर चार दिवस पेजेवर होता, पण आत्याने फोन करून कळवलं नाही. “खिशात का ठेवली हे मला काय माहीत? असेल काही कारण,” असं तिचं म्हणणं.

मी आत्याची एकुलती एक भाची. फिल्म बनवायच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गातली मुलं मृत्यू, एकटेपणा, असल्या विषयांवर फिल्मा करत होती. मी आत्याच्या दुकानात कॅमेरा लावला, कारण दुकान घराखाली होतं आणि मला लांब जायचा कंटाळा होता. तीन आठवडे मी तिच्या खिशांचं शूटिंग केलं. फिल्मचं नावही ‘खिसे’च ठेवलं.

आता माझा गुन्हा सांगते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी आत्या शटर ओढायच्या तयारीत होती. मी सामान आवरत होते, पण कॅमेरा चालूच होता. मुद्दाम नव्हे, पण बंदही केला नाही. आत्या इस्त्री पुसत आपल्याच तंद्रीत बोलायला लागली. तेवीस वर्षांपूर्वी एकशे चौदा नंबरचं एक गिऱ्हाईक होतं. नकाशाच्या कचेरीत काम, पांढरे शर्ट, खिशापाशी कायम शाईचा डाग. एक दिवस त्यांच्या खिशातून बंद लिफाफा निघाला. वर आत्याचं नाव. कडकबाई नाही, खरं नाव. आत्याने तो पाकिटात घातला, एकशे चौदा आकडा टाकला आणि शर्टाला टाचून परत दिला. त्यानंतर ते गृहस्थ पुन्हा दुकानात आले नाहीत. “नियम म्हणजे नियम,” आत्या म्हणाली. मग इस्त्री खाली ठेवून म्हणाली, “का गं, एकदा मोडायला हवा होता का?” आणि हसली. तिचं तसलं हसू मी आजवर पाहिलं नव्हतं.

एवढीच दोन मिनिटं. पण ती दोन मिनिटं काढली की फिल्ममध्ये उरत काय होतं, तर कवळी.

आत्याला मी घरी फिल्म दाखवली ती साडेनऊ मिनिटांची. जपानमधल्या विद्यार्थी फिल्म महोत्सवाला पाठवली ती साडेअकरा मिनिटांची. मनात म्हटलं, कुठे जपान, कुठे आत्या.

तीन महिन्यांनी पत्र आलं. ‘खिसे’ शेवटच्या तीनांत. पुरस्कार समारंभाला दोघांना यायचं आमंत्रण, सगळा खर्च त्यांचा. दिग्दर्शक आणि फिल्ममधली व्यक्ती. समारंभात तिन्ही फिल्मा दाखवणार, हे पत्राच्या दुसऱ्या पानावर होतं. मी दुसरं पान वाचायच्या आधीच बाबांनी खाली दुकानात धावत जाऊन आपल्या बहिणीला बातमी दिली होती. “ताई, तुला जपानने बोलावलंय!” आत्या म्हणाली, “कपडे कोण बघेल?” बाबा म्हणाले, “मी बघेन.” हे ऐकून आत्या जास्तच काळजीत पडली, पण तयार झाली. उभ्या जन्मात ती आमचं गाव सोडून कुठे गेली नव्हती. तिने पासपोर्टसाठी फोटो काढला, त्यातही गिऱ्हाइकाला झापल्यासारखी दिसत होती.

मला सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. विमानात बसल्यावर सांगू, असं ठरवलं. विमानात आत्या पुढच्या सीटच्या खिशात काय काय आहे ते काढून नीट लावत बसली. आधीच्या कुणा प्रवाशाचा पेन सापडला, तो तिने हवाई सुंदरीला बोलावून सुपूर्त केला, सीट नंबरासकट. मी म्हटलं, उतरल्यावर सांगू. उतरल्यावर म्हटलं, खोलीवर सांगू. खोलीत भिंतीला पँट दाबायचं एक यंत्र लावलेलं होतं. आत्याने ते उघडलं, आत डोकावली, बोटाने त्याची फळी चाचपली आणि म्हणाली, “दिसायला छान आहे.” तिच्या तोंडून एवढी मोठी निंदा मी पहिल्यांदाच ऐकली. तिचा मूड इतका चांगला होता की माझी जीभ उचलेना.

“आत्या, फिल्मबद्दल एक सांगायचं होतं,” मी शेवटी म्हटलंच.

“तू आधी तो ब्लाउज काढ. अशा घड्या घेऊन तू स्टेजवर जाणार? माणसं काय म्हणतील, हिच्या आत्याचं दुकान आहे आणि हिची ही दशा!”

ब्लाउज गेला आणि विषयही गेला.

समारंभाच्या दिवशी मला दोन तास आधी तालमीला बोलावलं. स्टेजवर कुठून यायचं, किती पावलं चालायचं, कुठे वाकायचं, सगळं ठरलेलं. आत्याला मी सभागृहाबाहेरच्या बाकावर बसवलं आणि बजावलं, “इथून हलू नकोस.” तालीम संपवून बाहेर आले तर बाक रिकामा.  परक्या देशात आत्या हरवली तर बाबांना काय तोंड दाखवू?

ती हरवली नव्हती. ती कोट ठेवायच्या खिडकीच्या पलीकडे होती. पलीकडे म्हणजे आतल्या बाजूला. तिथे पांढरे हातमोजे घातलेले एक म्हातारे गृहस्थ लोकांचे कोट घेऊन, नंबर देऊन, हँगरला लावत होते. आत्याने पाहिलं की हा माणूस खिसे न बघताच कोट टांगतोय. हे तिला सहन होणं शक्यच नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत तिने एक राखाडी कोट उचलला, डावा खिसा, उजवा खिसा, आतला खिसा, आणि निघालेल्या किल्ल्या आमच्या हॉटेलच्या खोलीतून आणलेल्या लिफाफ्यात घातल्या. म्हाताऱ्यांनी लिफाफ्यावर नंबर लिहिला. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं, आणि काम सुतासारखं सरळ चाललं होतं.

“आत्या! अगं, हे लोकांचे कोट आहेत!”

“मग मी कधी माझे तपासते? हा माणूस चांगला आहे, पण याला कुणी शिकवलेलंच नाही.”

मी म्हाताऱ्यांची माफी मागितली. त्यांनीच उलट मला हात करून थांबवलं आणि पुढचा कोट आत्याकडे दिला. छत्तीस कोट झाले. परीक्षकांपैकी एक जण दोन दिवस आपला वाचायचा चष्मा शोधत होते, तो त्यांच्याच कोटाच्या अस्तरातून निघाला. म्हणजे आमच्या फिल्मखालचं भाषांतर त्यांनी कसं वाचलं होतं, देव जाणे.

या गडबडीत माझं सांगायचं राहिलं. खोटं कशाला बोलू, राहू दिलं. दिवे मालवले आणि आमची फिल्म सुरू झाली.

पहिली साडेनऊ मिनिटं सभागृह हसत होतं. कवळीला तर टाळ्या पडल्या. आत्या माझ्या कानाशी लागून म्हणाली, “बघ, माणसं इथूनतिथून सारखीच.” मग पडद्यावर ती शटरपाशी आली आणि इस्त्री पुसायला लागली.  मी तिच्याकडे बघितलं नाही. फक्त तिचा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलून मांडीवर गेलेला जाणवला. पडद्यावरची आत्या हसली, फिल्म संपली, आणि चारशे माणसं टाळ्या वाजवायला लागली. शेजारची आत्या मांडीवरच्या पदराची घडी घालत राहिली. कडक माणूस ओरडला तर बरं असतं.

आम्हाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. म्हणजे पहिला नाही, पण ज्याला रिकाम्या हाताने पाठवायला जीव होत नाही त्याला देतात तो. आम्ही दोघी स्टेजवर गेलो. ठरलेली पावलं चाललो. मी काचेचा ठोकळा घेतला. मग निवेदिकेने माइक आत्यापुढे धरला. आत्या मराठीत बोलणार, मी इंग्रजी करणार, आणि दुभाषी बाई जपानी करणार, अशी व्यवस्था होती.

आत्याने पदर सारखा केला.

“फिल्म चांगली आहे. पोरीने मेहनत घेतलीय,” ती म्हणाली. “पण शेवटचं जे मी बोलले, ते दुकान बंद करताना बोलले. ते कुणाला दाखवायला नव्हतं. हिने मला विचारलं नाही. तीस वर्षांत मी कुणाचं पाकीट उघडलं नाही. हिने माझं उघडलं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माइक घेतला आणि इंग्रजीत म्हणाले, “माझ्या आत्याला फार आनंद झालाय.”

“एवढंच?” आत्या मोठ्याने म्हणाली. “मी एवढं बोलले, त्याचं एवढंच झालं? नीट सांग.”

मराठी कुणाला येत नव्हती, पण एवढं सगळ्यांना कळलं. सभागृह हसलं. मी हसले नाही. मला रडू येत होतं, कारण ती शंभर टक्के खरं बोलत होती. मग मी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मी विचारलं नाही, घरी एक फिल्म दाखवली आणि इथे दुसरी पाठवली, हे तर आत्याने म्हटलंही नव्हतं, तेही सांगितलं. दुभाषी बाईंचा आवाज मध्येच अडखळला. मी काचेचा ठोकळा निवेदिकेच्या हातात परत द्यायला गेले, तर तिला तो घ्यावा की नाही हे तालमीत कुणी शिकवलेलं नव्हतं. आम्ही दोघींनी तो थोडा वेळ इकडून तिकडे केला.

“आत्या, चुकले मी,” मी मराठीतच म्हणाले.

“ते घरी बघू,” ती म्हणाली. “इथे लोक ताटकळलेत.” आणि तिने आपल्या पद्धतीने सभागृहाला नमस्कार केला. ज्या टाळ्या पडल्या त्या माझ्यासाठी नव्हत्या, आणि ते मला मान्य होतं.

परतीच्या विमानात ती माझ्याशी दोनच शब्द बोलली, “पट्टा लाव.” घरी आल्यावर मी ती दोन मिनिटं मूळ फिल्ममधूनही कापली. महोत्सवाला पत्र लिहिलं की मोठी फिल्म पुन्हा कुठे दाखवू नका. दोन ठिकाणांहून बोलावणी आली होती, त्यांना लहान फिल्म पाठवली. त्यांनी पुन्हा उत्तरच दिलं नाही. बाबा म्हणाले, “एवढं काय झालं होतं तिकडे?” आम्ही दोघी आपापल्या कामाला लागलो. शिवाय बाबांनी आत्याच्या गैरहजेरीत तीन गिऱ्हाइकांचे शर्ट आपसात बदलून टाकले होते, त्यामुळे त्यांना फार विचारायची सोयही नव्हती.

महिन्याभराने आत्या दुकान झाडता झाडता म्हणाली, “दाखव बघू, काय कापलंयस.”

मी तिला लहान फिल्म पुन्हा दाखवली. ती शेवटपर्यंत बघून म्हणाली, “ही अगदीच मिळमिळीत झाली.”

“हो,” मी म्हटलं.

“मग घाल ती दोन मिनिटं परत.” मी काही बोलणार तोच तिने हात वर केला. “माझी परवानगी आहे. पण नुसती माझी उपयोगाची नाही. लिफाफा त्यांचा होता. आधी त्यांना विचारून ये.”

“त्यांचा पत्ता?”

आत्याने वही काढली नाही. पत्ता तोंडपाठ सांगितला, पिनकोडासकट, आणि झाडायला लागली.

मी त्याच संध्याकाळी गेले. साठी उलटलेले एक उंच गृहस्थ दारात आले. घरात एकच खुर्ची होती. त्यांनी मला ती दिली आणि स्वतः कॉटवर बसून माझ्या लॅपटॉपवर फिल्म बघितली. शेवटची दोन मिनिटं त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. मग तिसऱ्यांदा.

“तिने लिफाफा उघडलाच नव्हता?” त्यांनी विचारलं.

“नाही. दुकानाचा नियम आहे.”

“मला वाटलं, वाचून परत केला.”

  मी हळूच विचारलं की ही फिल्म लोकांना दाखवली तर चालेल का. ते त्यांना ऐकूच आलं नसावं. ते उठले, चपला शोधायला लागले, एक सापडली, दुसरी कॉटखाली गेली होती.

“दुकान किती वाजता बंद होतं?”

“आठला.”

“चल मग, उठ,” ते म्हणाले.