बारा दिवस कुणी यायचं नाही

माझी बायको पहिल्यांदा बाळंत होणार होती, तेव्हा मी सोलापुरात शाळामास्तर होतो आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याच्या वयाचा होतो. त्याच सुमारास शाळेत एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. बाळंतिणीच्या खोलीत माणसांची वर्दळ नको, त्यानं आजार शिरतो, एवढंच ते म्हणाले. बाकीचं मी घरी पोचेपर्यंत स्वतःच वाढवलं.

रीतीप्रमाणे ती माळशिरसला माहेरी जायची. मी ठरवलं, बाळंतपण शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांतच होईल. सासूबाईंनी इकडं यावं. बाकी कुणीही बारा दिवस उंबरा ओलांडायचा नाही.

"आणि मलाच कुणी यावंसं वाटलं तर?" बायकोनं विचारलं.

"त्याचाही विचार केलाय मी," मी म्हणालो. केलेला नव्हता.

वळणदार अक्षरात नियम लिहून मी दाराला चिकटवले. गल्लीत बहुतेकांना वाचता येत नव्हतं. ज्या एकाला येत होतं, त्यानं न वाचताच विचारलं, "मास्तर, शिकवणी सुरू केली वाटतं?"

सासूबाई शेतकरी घरातल्या. नियम ऐकून त्या म्हणाल्या, "शिकल्याली माणसं तुमी, जावईबापू. म्हणता तसं करू की." मला ते कौतुक वाटलं.

एका रविवारी सकाळी कळा सुरू झाल्या. सासूबाईंनी पाणक्याबरोबर सुईणीला निरोप धाडला आणि मी दारात पहारा धरला. पहिल्यांदा आली शेजारची विणकरीण. घरात तेलुगू, आमच्याशी मोडकं मराठी. तिला परत पाठवलं. मग समोरच्या काकू. त्यांनाही. तिसरी एक धिप्पाड म्हातारी, काखेत गाठोडं घेऊन थेट आत निघाली. मी आडवा हात घातला.

"बारा दिवसांनी या."

"बारा दिवसांनी? तवा येऊन काय करू, मास्तर?"

"बाळ बघा."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, "बरं," म्हणाली आणि चालती झाली. पुढं तासभर मी मोठ्या समाधानात उभा होतो.

मग सासूबाई घामाघूम बाहेर आल्या. "सुईण कशी आली न्हाय अजून? गाठोडं घिऊन येती ती, जाडजूड बाई."

सुईण बायकोनं ठरवली होती. मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. टोपी न घालता मी पळत सुटलो. विचारत विचारत घर सापडलं, तेव्हा म्हातारी ओट्यावर निवांत तांदूळ निवडत होती.

"झालं का बारा दिवस?"

मी हात जोडले. शाळेतली चार पोरं बघत होती, तरी जोडले. तिनं गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं आणि आपल्या चालीनं निघाली.

आम्ही पोचलो तेव्हा आतून रडणं ऐकू येत होतं. विणकरीण परसातल्या दारानं आत गेली होती. तिनं आणि सासूबाईंनी मिळून मुलीला सुखरूप जगात आणलं होतं. म्हातारीनं नाळ कापली आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं सगळ्याजणी खदखदून हसल्या.

बायको मात्र हसली नाही. संध्याकाळी दाराआडून मी तिची चौकशी केली, तेव्हा ती म्हणाली, "आतनं मला सगळं ऐकू येत होतं. ओळखीचा आवाज यायचा, वाटायचं, आली कुणीतरी. की तुम्ही तिला घालवून द्यायचात. शेजारीण आली नसती तर मी काय केलं असतं?"

मी दाराचा कागद खरवडून काढला. खळ इतकी पक्की होती की निम्मा तसाच राहिला.

"आता कोण यायचं ते मी सांगणार," ती म्हणाली. विणकरीण रोज यायची. सुईण अंघोळ घालायला यायची. माळशिरसची बहीणही आली. मी रोज शाळेतून धुळीत, घामानं थबथबून यायचो, म्हणून मला तेवढं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी तिनं आत बोलावलं. मुलगी हातात घेतली आणि माझी पाठ ताठली. श्वास घ्यायचा की नाही, तेही कळेना. विणकरणीनं माझं कोपर धरून वर केलं आणि मुलीची मान त्यावर नीट ठेवली.

"असंच धरा," बायको म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर त्या पाच दिवसांतलं माझ्या वाट्याचं पहिलं हसू होतं.