हौसाच्या कानामागची शीर

केरूला जोहे गावात कामाचा वाघ म्हणत. घरात तो नुसताच वाघ. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचा कान असा घडवायचा की बघत राहावं, आणि घरी येऊन बायकोच्या कानाखाली जाळ काढायचा. रोह्याकडून लग्न होऊन आलेल्या हौसाचा डावा कान अशाच एका फटक्यात फुटला. दहा वर्षं त्यातून पू वाहत होता.

शेवटी ताप उतरेना, तोल जाऊ लागला, तेव्हा पेणच्या डॉक्टरांनी स्कॅन काढायला लावला. फिल्म उजेडात धरून ते दोघांना म्हणाले, "कानामागच्या हाडात रक्ताची जाड शीर असते. कुणाची थोडी मागं, कुणाची थोडी पुढं. हिची फारच पुढं आलीय, वरचं हाडही पुवानं खाल्लंय. नुसता धक्का लागला तरी रक्त आवरायचं नाही. सोमवारी ऑपरेशन. ही फिल्म जिवापाड जपा."

रविवारी फिल्म घरात नव्हती. हौसा तडक कारखान्यात गेली. तिथं जुन्या एक्स-रेच्या फिल्मा कापून त्या तुकड्यांनी मूर्ती घासून गुळगुळीत करायची रीत. ऐन हंगामात त्या संपल्या होत्या. केरू तिच्याच फिल्मच्या तुकड्यानं गणपतीचा कान घासत होता.

"सांजच्याला पुसून देतो," तो मान वर न करता म्हणाला.

हौसानं कोपऱ्यातलं फावडं उचललं. सोंडा उडाल्या, हात उडाले, सोळा मूर्तींचा चुरा झाला. केरू धावून आला, तर दांडा त्याच्या दातांवर बसला.

"अगो, पाप लागंल!" रंगकाम करणारी मालू किंचाळली.

"यांच्यात अजून देव आला नाय," हौसा धापा टाकत म्हणाली. "माझ्यात जीव हाय."

चुऱ्यातून तिनं एकूण एक तुकडा वेचला, पदरानं पुसला. डॉक्टरांनी केरूला शिव्या घालत ते चिकटपट्टीनं जोडले. तरी सोमवारी ऑपरेशनमध्ये शीर फाटलीच. रक्ताची चिळकांडी डॉक्टरांच्या तोंडावर उडाली. पण जागा ठाऊक होती, म्हणून बोट वेळेत पडलं. रक्तानं भिजलेल्या बोळ्यांची बादली केरूच्या समोरून गेली.

महिन्याभरात आमटी खारट झाली आणि केरूचा हात पुन्हा उठला. हौसानं केस मागं सारून डावा कान पुढं केला.

"मार. जागा डाक्टरनं तुला दाखवलीच हाय."

हात तसाच वर राहिला. मग केरू खाली बसला आणि त्याच खारट आमटीशी जेवला.